टॉवर नसलेल्या धावपट्टीवरची शिस्त

नाशिककरांना विमान नवे नाही. ओझरच्या एच.ए.एल. कारखान्यात मिग विमाने बनविण्यात कित्येक कामगारांची हयात गेली. आता याच कामगारांच्या घरातील मुले-मुली वैमानिक होण्याची उमेद बाळगू लागली आहेत. त्यांचे शिक्षण मोठ्या विमानतळावर होत नाही. ते होते धुळ्याजवळच्या गोंदूर किंवा शिरपूरसारख्या छोट्या धावपट्टीवर. अशा छोट्या धावपट्ट्यांवर, आपल्याकडे काय नि परदेशात काय, पुष्कळदा टॉवरच नसतो. आधी कोण उतरणार, हे सांगणारा खाली कोणी नाही. सांभाळतो तो फक्त नियम.

हा नियम समजायला सोपा आहे. धावपट्टीभोवती आकाशात एक चौकोनी वाट मानलेली असते. तिला सर्किट म्हणतात. जमिनीपासून साधारण १००० फुटांवर, दुसरी सूचना नसेल तर सगळी वळणे डावीकडे. मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो, त्यामुळे धावपट्टी त्याच्या नजरेसमोर राहते. प्रत्येक वळणावर आपण कोठे आहोत हे रेडिओवर सांगायचे. दोघे एकदम उतरू लागले तर खालच्याचा हक्क पहिला. पण तेवढ्यासाठी खाली घुसून दुसऱ्याच्या पुढे जायचे नाही.

एवढे साधे असूनही माणसे मरतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरी येथे दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले, हे पुष्कळांना आठवत असेल. तेथे नियंत्रक होता. एक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली आले. त्यानंतर आठच दिवसांत, १९ नोव्हेंबरला, अमेरिकेत क्विन्सी येथे टॉवर नसलेल्या विमानतळावर १४ जणांचा बळी गेला. उतरणाऱ्या प्रवासी विमानाने रेडिओवर विचारले, धावपट्टीवरचे विमान थांबले आहे ना? उत्तर आले, पण ते मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाचे, आणि तेही अर्धवट ऐकू आलेले. ज्याला विचारले तो बोललाच नाही. त्याने उड्डाण सुरू केले आणि दोन धावपट्ट्यांच्या चौकात दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. तपासात मुख्य दोष निघाला तो न ऐकणाऱ्याचा, न पाहणाऱ्याचा.

बरे, रेडिओवर बोलले म्हणजे झाले असेही नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एक छोटे सेसना १५२ रीतसर सर्किटमध्ये फिरत होते. मागून दोन इंजिनांचे विमान सर्किट न धरता थेट सरळ रेषेत आले. आपण येत आहोत हे त्याने रेडिओवर सांगितलेही होते. पण वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर! छोट्या विमानाच्या दुपटीहून अधिक. टक्कर झाली, दोन्ही विमानांतील तिघेही ठार झाले. सरळ येणे हा तेथे गुन्हा नव्हता. मात्र फेरीत असलेल्याला न पाहता त्या वेगाने येणे जिवावर बेतले.

नवशिका भीतीपोटी नियम पाळतो. आडवाट घेतो तो बहुधा सरावलेला. एस.टी. स्टँडच्या फाटकात आपण हे रोज पाहतोच, पण तेथे ब्रेक लावता येतो. आकाशात थांबता येत नाही. फार तर उतरणे सोडून पुन्हा वर जाऊन एक फेरी जास्त मारता येते. त्यात पाच-सात मिनिटे जातात, थोडे इंधन जाते. शिकणाऱ्याला तासाचे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे ती मिनिटे त्याला बोचतात. तेव्हा पालकांनो, पोराने वा पोरीने फोनवर सांगितले, "आज मी उतरता उतरता परत वर गेलो", तर पैसे किती वाढले हे त्या दिवशी तरी विचारू नका.