चकती ठेवण्यापूर्वी

मेंदूतली गाठ काढून झाली तरी सर्जनला लगेच कवटी बंद करता येत नाही. भूल सांभाळत मी मॉनिटरपाशी उभी असते, तिथून ती पोकळी दिसते. रक्त थांबवलेलं, सलाइनने धुतलेलं. गाठीचा तुकडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे तातडीच्या तपासणीला, गेलेला असतो. 'ग्लिओब्लास्टोमाच आहे', म्हणजे मेंदूचा आक्रमक कर्करोगच, असा पॅथॉलॉजीचा निरोप आला, की मगच ग्लिआडेल या औषधी चकत्यांची पाकिटं उघडायची. ती उणे 20 अंशांत साठवलेली असतात. बाहेर काढल्यावर बंद पाकीट फार तर सहा तास चालतं.

आतली चकती कोटाच्या बटणाएवढी असते: व्यास 14.5 मिलिमीटर, जाडी जेमतेम एक. दोन-दोन ग्लोव्हज घालून, फक्त चकत्यांसाठी राखलेल्या चिमट्याने सर्जन ती पोकळीच्या भिंतीला टेकवतो. जागा असेल तशा, जास्तीत जास्त आठ. कडा एकमेकींवर थोड्या आल्या तरी चालतात. दोन तुकडे झालेली चकती वापरता येते, त्याहून जास्त तुकडे झाले तर टाकून द्यायची. मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याला भोक पडलं असेल, तर ते आधी बुजवावं लागतं, नाहीतर चकती आत सरकू शकते. वरून विरघळणाऱ्या सेल्युलोजची जाळी, आणि मग मेंदूचं आवरण पाणी झिरपणार नाही असं शिवायचं.

एका चकतीत कारमस्टीन हे कर्करोगाचं औषध फक्त 7.7 मिलिग्रॅम. बाकी सगळं पॉलिमर, आणि खरी करामत त्याचीच. शिरेतून दिलेलं कारमस्टीन रक्तात लवकर मोडतं, शिवाय अस्थिमज्जा आणि फुप्फुसांना इजा करतं. म्हणून ते गाठीच्या जागीच सावकाश सोडायचं होतं. पाणी आत शोषणारं पॉलिमर मधूनच ढासळलं असतं आणि औषध एकदम सुटलं असतं. एमआयटीतले रॉबर्ट लँगर आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले सर्जन हेन्री ब्रेम यांनी पाण्याला आत न घेणारं पॉलिमर वापरलं. पाणी फक्त पृष्ठभागावरचे बंध तोडतं, थरामागून थर झिजतो आणि तेवढंच औषध सुटतं. तीन आठवड्यांत बहुतेक पॉलिमर संपतं. काढण्यासाठी पुन्हा कवटी उघडावी लागत नाही. मला हे फार देखणं शास्त्र वाटतं.

अमेरिकेत 1996 साली ग्लिआडेलला परवानगी मिळाली, पुन्हा उद्भवलेल्या गाठींसाठी. नव्या रुग्णांसाठी 2003 मध्ये. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 240 रुग्णांच्या चाचणीत औषधाविना चकती लावलेल्यांचं मध्यक आयुष्य 11.6 महिने होतं. औषधाची चकती लावलेल्यांचं 13.9. फरक सुमारे सव्वादोन महिन्यांचा. औषध भिंतीत काही मिलिमीटरच शिरतं, आणि कर्करोगाच्या पेशी त्यापलीकडे गेलेल्या असतात. सूज, फिट्स, जखम न भरणं, जंतुसंसर्ग हे धोके वेगळेच.

तरीही ते दोन महिने क्षुल्लक आहेत असं मी म्हणणार नाही. ते ठरवायचा हक्क रुग्णाचा आणि त्याच्या घरच्यांचा आहे. म्हणून संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी, शांतपणे बसून, हे धोके आणि हा आकडा त्यांना सांगितलाच पाहिजे.