संचातला एकसष्टावा पत्ता

मुलांनो, नेहमीच्या पत्त्यांच्या खेळात सर्वांसाठी एकच जोड असतो. 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळात मात्र प्रत्येक खेळाडू स्वतःचा संच जुळवून आणतो. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड यांनी तयार केलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेत बाजारात आला.

अशा संचात निदान ६० पत्ते लागतात. जास्त चालतात, पण जाणकार खेळाडू बहुधा ६० वरच थांबतात. असे का?

डावाच्या सुरुवातीला हातात ७ पत्ते येतात. एखादा पत्ता संचात एकच असेल, तर १०० डावांपैकी सुमारे १२ डावांतच तो सुरुवातीला मिळतो. तसेच ४ पत्ते ठेवले, तर सुमारे ४० डावांत निदान एक तरी मिळतो. संच वाढवला की ही शक्यता घटते.

म्हणून एकसष्टावा पत्ता कितीही आवडता असला, तरी तो काढावा. एका वेळी एकदोनच पत्ते बदलावेत आणि पुष्कळ डाव खेळून पाहावेत. एका पराभवाने पत्ता वाईट ठरत नाही. आवडते ते सगळेच ठेवले, तर हवे ते वेळेवर हाती येत नाही.