खुराड्याचा हिशेब

कोंबड्या पाळायच्या असे घरात ठरले, की पहिली चर्चा रंगते ती त्यांच्या जातीची. कोणी हैदराबादच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या वनराजा-ग्रामप्रियाचे गुण सांगतो, कोणी बंगळूरच्या गिरिराजाचे, तर कोणी काळ्याकुळकुळीत कडकनाथचे. मग खाद्याची चर्चा होते, गावरान अंड्याच्या चवीची होते, नातवंडांच्या आनंदाची होते. या कोंबड्या राहणार कुठे, हा प्रश्न मात्र त्या घरी आल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास सुचतो. आणि त्या घाईत जे खुराडे मिळते ते एक तर फार महाग असते, नाही तर अगदीच कुचकामी.

हा विषय केवळ गंगापूर रोडवरच्या बंगलेवाल्यांच्या हौसेचा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरातील परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. या पक्ष्यांमागे बहुतेक ठिकाणी घरातली बाई उभी असते. अंडी विकून येणारे चार पैसे तिचे स्वतःचे असतात. मुलांच्या वह्या, घासलेट-मिठाची नड आणि अडीअडचणीचे एसटीचे भाडे त्यातून भागत आले आहे. खुराड्यात शिरलेले मुंगूस एका रात्रीत नेते ते हे.

आमच्या घरी सहा गावरान कोंबड्या आणायचे ठरले, तेव्हा सूनबाईने तयार खुराड्यांची चौकशी केली. लाल छप्पर, पांढऱ्या खिडक्या, चढायला इवलीशी शिडी, असे एक देखणे प्रकरण पसंत पडले. किंमत पोहोचवण्याच्या खर्चासह १४,४०० रुपये. "बाबा, महाग आहे का हो?" असे तिने विचारले. बँकेत हयात गेलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला, की तो उत्तर देत नाही, कागद मागतो.

गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. साठच धरली, तरी सहा कोंबड्यांची झाली ३६०. खुराडे पाच वर्षे टिकेल असे धरून घसारा काढला, तर वर्षाला २,८८० रुपये. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे आठ रुपये नुसते घरभाडे! दाणे, औषध, आपली मेहनत यांचा अजून पत्ताच नाही. तेच खुराडे ३,६०० रुपयांत उभे राहिले, तर घरभाडे दोन रुपयांवर येते. ग्रामप्रियासारखी कोंबडी वर्षाला दीडशेच्या पुढे जाते, तेव्हा हा आकडा आणखी उतरतो. खुराडे स्वस्त की महाग, हे दुकानातल्या चिठ्ठीवरून कळत नाही. ते अंड्याला भागून पाहावे लागते.

पण भागाकाराने सगळे प्रश्न सुटत नाहीत. अगदी स्वस्त खुराडे घ्यावे आणि दुसऱ्या आठवड्यात कोंबड्याच नाहीशा व्हाव्यात, तर भागायला अंडीच उरत नाहीत. मग काटकसर नेमकी कशात करायची? याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उत्तर एका अंगठाबहाद्दर बाईचे आहे.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० पासून देशातल्या सर्व विकास गटांत लागू झाला आणि १९९९ मध्ये तो स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाला. त्या मधल्या वर्षांत शेळ्या, म्हशी, कोंबड्या यांच्या कर्जप्रकरणांची पाहणी करायला मी पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर जात असे. पिलांचे पैसे पिलांना लागत. खुराड्याचे पैसे पुष्कळदा पावसाच्या तोंडावर घराच्या कौलांना लागत. त्यात गैर काही नव्हते. माणसांच्या डोक्यावर पाणी गळत असताना कोंबड्यांसाठी कोण बांधणार? मग कोंबड्या रात्री डालग्याखाली झाकल्या जात, वर दगड ठेवला जाई. मांजर-मुंगसाला तेवढा दगड पुरत नसे.

एका घरी मात्र कोंबड्या सगळ्या शाबूत होत्या. पडवीच्या कडेला चार मेढी रोवून, कमरेइतक्या उंचीवर बांबूच्या कामट्यांचा पिंजरा बांधला होता. वर गवताचे शाकारलेले छप्पर आणि दाराला लाकडी खिट्टी. पैसा जवळजवळ शून्य. मी कौतुक केले, तर ती म्हणाली, "सायब, दिसाची कोंबडी तिचं ती बघती. रातचं आपल्याला बघाया लागतं."

त्या एका वाक्यात खुराड्याचे सारे शास्त्र आहे. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. दिवसा ती पळेल, फडफडेल, ओरडून गाव गोळा करेल. एकदा अंधार पडला, की बसल्या जागेवरून हलत नाही. तेव्हा खर्च करायचा तो रात्रीसाठी. जाळी, जमिनीपासूनची उंची आणि दाराची कडी या तीन गोष्टींत कंजुषी नको. रंग, खिडक्या, शिडी यांत खुशाल करावी.

उंची आणि हवा यांचा नमुना आपल्या जिल्ह्यात शेतोशेती उभा आहे. लासलगाव-निफाडकडची कांदाचाळ आठवा. जमिनीपासून उचललेला तळ, खालून खेळणारी हवा, बाजूंना फटी आणि पाऊस आत येऊ नये म्हणून पुढे काढलेले छप्पर. कांदा आणि कोंबडी दोघांचाही शत्रू एकच, कोंदट ओल. ओलीत कोंबडीची विष्ठा साचली, की तिच्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि कोंबड्यांची छाती धरते. म्हणून कांदाचाळीची छोटी प्रतिकृती, चार फूट लांब आणि तीन फूट रुंद, सहा कोंबड्यांना रात्रीपुरती ऐसपैस होते. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यातले तिरपे ऊन आत घुसत नाही. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्धच आहे. त्या दिवसांत बाजूंना गोणपाट बांधावे, पण छपराखालची वीतभर जागा उघडी ठेवावी.

जाळीच्या बाबतीत दुकानदार हमखास कोंबडीजाळी पुढे करतो. ती षटकोनी, मऊ तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते. कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवू शकत नाही. अर्ध्या इंची चौकोनाची, जोड दिलेली, म्हणजे वेल्डेड जाळी घ्यावी. लाकूड मात्र नवे कशाला? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रे लाकडी खोक्यांतून येतात, आणि ती लाकडे जुन्या सामानाच्या दुकानांतून वजनावर मिळतात. रसायनाचे किंवा तेलाचे डाग असलेली तेवढी वगळावीत. जुन्या वाड्यांच्या सागाचा मोह नको. आता तो कोंबड्यांनाच काय, माणसांनाही परवडत नाही.

आमचा खर्च असा झाला : जाळी १,१००, बांबू व जुने लाकूड ८००, पत्रा ५००, कड्या, बिजागऱ्या, खिळे ३००, सुताराची एका दिवसाची मजुरी ९००. एकूण ३,६००. आत बसायला दोन आडवे दांडे, कारण प्रत्येक कोंबडीला आठ-नऊ इंच जागा लागते. अंडी घालायला फळांची दोन खोकी, त्यांत गवत. चार-पाच कोंबड्यांना एक खोके पुरते. तळाच्या कामट्यांत बोटभर फटी ठेवल्या, म्हणजे विष्ठा खाली पडते. तिच्यावर राख टाकावी आणि कुजल्यावर झाडांना घालावी. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे, तर कोंबडा नको. अंड्यासाठी त्याची गरज नसते, आणि पहाटे चारची बांग सर्वांनाच सात्त्विक वाटते असे नाही. सोसायटीचे आणि महापालिकेचे नियमही आधी विचारून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. रोग मोठ्या पोल्ट्र्यांत सापडला. पण आसपासच्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. म्हणून दाणा-पाणी उघड्यावर, रानपाखरांच्या वाटेत ठेवू नये. मानमोडीची लस वेळेवर द्यावी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर गुपचूप पुरून न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आपल्या सहा कोंबड्यांमागे गावातल्या दुसऱ्या कुणाच्या साठ असतात.

आपल्या खुराड्यात मुंगूस शिरले, तर नातू दोन दिवस रडेल आणि आपण नव्या कोंबड्या आणू. पाड्यावरच्या बाईला त्या आणता येत नाहीत. तिच्यासारख्यांना पिले देणारे पुष्कळ असतात; जाळीचा तुकडा आणि एक मजबूत कडी देणारा क्वचित भेटतो. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या गावी कोंबड्या असतील, तर एकदा विचारून पाहा. सुतार बोलावलेलाच असतो. त्याच जाळीच्या गुंडाळीतून दुसऱ्या दाराचा तुकडा सहज निघतो. आणि स्वतःपुरता नियम साधा ठेवा : खुराडे आधी, कोंबड्या मागाहून.