ओढ्यात टाकलेला ओंडका
विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसतं 'कॅम्प चार' म्हटलं तरी पुरतं. दुसऱ्या महायुद्धात इथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सैन्य गेलं, कॅम्पांचे आकडे राहिले. या वस्तीतून वालधुनी नदी वाहते. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर तिच्याच काठचं.

अशा लष्करी तळावर, लष्करानं पाण्याला हात न लावताही, आसपासचा ओढा बदलतो. ट्रक आणि रणगाड्यांखाली उतारावरची माती दबते, झाडोरा जातो. मग पाऊस मुरत नाही. सगळं पाणी एकदम खाली धावतं आणि सोबत माती, वाळू घेऊन येतं.

त्यानं बिघडतं काय? निरोगी ओढा स्वतःचं पाणी स्वतः शुद्ध करत असतो! तळच्या दगडांवरचा बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ आणि जिवाणूंची वसाहत. पाण्यातलं अमोनियम ती शोषून घेते. गळालेल्या पानांवर किडे जगतात, किड्यांवर मासे. पण या साऱ्यासाठी पाण्याला थोडं रेंगाळावं लागतं, आणि तळावर वाळू सरकत राहिली तर हा संसार उभाच राहत नाही.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर संशोधकांनी 2003 साली एक साधा उपाय करून पाहिला. सरावानं खराब झालेल्या काही ओढ्यांत त्यांनी चक्क लाकडाचे ओंडके टाकले. ओंडक्यांपाशी पाणी थबकलं, पालापाचोळा अडला आणि ओढे अमोनियम जास्त शोषू लागले. मेलेल्या लाकडानं जिवंत ओढ्याला बळ दिलं! पण वरचा उतार उघडाच होता. वाहून आलेल्या वाळूनं पुढे बरेच ओंडके गाडून टाकले.

वालधुनीचं दुखणं आणखी खोल आहे. छावणीच्या जागी दाट शहर आलं. सिमेंटखाली पाणी मुरायला जागा उरली नाही. त्यात कारखान्यांची रसायनं आणि घरांचं सांडपाणी. म्हणून उपायांचा क्रम चुकता कामा नये: आधी विषारी पाणी थांबवायचं, मग वरच्या टेकड्यांवर पाणी मुरवायचं, मग काठाला करंज, उंबर, वाळुंज. नदीकाठच्या सुशोभीकरणाचा फलक लागेल, तेव्हा नगरसेवकाला एवढंच विचारा: वरच्या उतारांचं काय केलंत?