मधाने केस उजळतात का?

गोंदियाजवळच्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांना आग्या मोहोळाचा मध नवा नाही. मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. पाणी मिसळलं की त्यातून किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पार्लरच्या ब्लीचमध्येही हेच, पण कितीतरी तीव्र. म्हणून केसांना लावायला 1 चमचा मधात 4 चमचे साधं पाणी घाला. मध तापवू नका, उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. आपल्या काळ्याभोर केसांत मेलॅनिन भरपूर, त्यामुळे सोनेरी रंगाची आशा नको. आलीच तर उन्हात दिसेल इतपत तपकिरी झाक. केस उजळावेत म्हणून लिंबू चोळून गोंदियाच्या उन्हात तर मुळीच बसू नका, केस रखरखीत होतात आणि टाळू भाजते. केसांना लावण्याआधी हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 24 तास थांबा.