कथेतला ट्रकचालक: आधी विचारा, गाडी कोणाची?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की कथेत ट्रकचालक आणायचाय, पण तो काही केल्या खरा वाटत नाही, काय करावं? आता आम्हाला स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. तरीही प्रश्न आमच्या विषयातलाच आहे. दुसऱ्याचं आयुष्य आपल्याला कितपत कळू शकतं, हेच त्याच्या मुळाशी आहे.

आपल्या कथांमधला ट्रकचालक बहुधा दोन प्रकारचा. एक दारू पिऊन नायकाच्या स्कूटरवर गाडी घालतो आणि गोष्टीतून निघून जातो. दुसरा ढाब्यावरच्या बाजेवर पडून घरच्या आठवणी काढतो आणि लेखकाला त्याची दया येते. वरवर दोघांत फार फरक, पण दोघांनाही लेखकाने काही ठरवू दिलेलं नसतं. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’च्या सहाव्या प्रकरणात जे सांगितलंय त्याचा आशय असा, की माणूस काय निवडतो आणि काय टाळतो हे जिथे दिसतं तिथे त्याचा स्वभाव दिसतो. बोलणारा काहीच निवडत वा टाळत नसेल, तर त्या बोलण्याला स्वभाव नाही. या निवडीला तो प्रोआयरेसिस म्हणतो.

स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (1939) या कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात एक ट्रकचालक येतो. गाडीच्या काचेवर मालकाने चिठ्ठी चिकटवलेली, वाटेत कोणाला घ्यायचं नाही. तुरुंगातून सुटलेला टॉम जोड त्याला सोबत नेण्याची विनंती करतो, आणि ती अशा खुबीने, की नाही म्हणावं तर आपण मालकाचे गुलाम ठरतो, हो म्हणावं तर नोकरीची भीती. चालक क्षणभर विचार करतो आणि त्याला घेतो. पण कसं? वळण पार होईपर्यंत पायरीवर दबून बस, म्हणतो. म्हणजे धैर्यही आहे आणि भीतीही आहे, एकाच वाक्यात. मग वाटभर खोदून खोदून चौकशी! एवढ्यावर तो माणूस उभा राहतो.

आता आपल्याकडे या. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून दिल्लीला निघालेली गाडी घेऊ. मुंबई-आग्रा रस्ता, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग बिजासन घाट चढून सेंधवा. आधी ठरवा, गाडी कोणाची? स्वतःची असेल तर टायरची झीज त्याच्या डोक्यात असते, डोळे सारखे हप्त्याच्या तारखेवर. मालकाची असेल तर हिशेब वेगळा. पुष्कळ ठिकाणी मालक फेरीचं डिझेल आणि खर्च ठरवून देतो, वाचेल ते चालकाचं. ही एक गोष्ट लेखकाला कळली की अर्धं पात्र हातात आलं असं समजा.

मग माल. कांद्याला हवा लागते. ताडपत्री गच्च आवळली तर आत वाफ धरून कांदा सडतो, मोकळी ठेवली तर पावसात भिजतो. पावसाळ्यात ताडपत्रीची कड किती उचलायची, हे धुळ्याच्या पुढे, रात्री, तो एकटा ठरवतो. कांदा शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा, पण खराब निघाला की खाली करताना पहिली शिवी याला. (एक सांगून ठेवतो, ताज्या कांद्याला ई-वे बिल लागत नाही. ते हरवल्याचा प्रसंग रंगवलात तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. परतीला यंत्राचे सुटे भाग भरलेत, तर मात्र बहुधा लागेल, आणि साध्या मालाला त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस.)

1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा 2025 पर्यंत लागू होता, तो दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास म्हणायचा, 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती. हे आकडे पात्राच्या तोंडी घालू नका. तो रात्री तीनला चहा घेतो आणि टायरवर टॉमी मारून आवाज ऐकतो, तेवढं पुरे. गाडीचं सालही तपासा. 2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, तेव्हा घामाचं वर्णन जपून.

आणि आता मुख्य प्रसंग. परतीला बिजासन घाटाचा उतार. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुन्या चालकाला कोणी सांगावं लागत नाही. गाडी न्यूट्रल केली तर डिझेल वाचतं असं त्याला वाटतं, म्हणजे त्याचेच पैसे वाचतील. पण मग इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक पकडेनासे होतात. पुढे एसटी असते, मोटारसायकलवर कोणी नवरा-बायको असतात. आपण कारमध्ये बसून याला बेदरकारपणा म्हणतो. तो तसा आहेही, आम्ही सफाई देत नाही. पण त्याच्या जागी बसून पाहिलं, तर मुलीच्या फीचे पैसे आणि तो उतार एकाच वेळी समोर असतात. याआधी दहा वेळा काही झालेलं नाही, हेही असतं.

शेजारी क्लीनर पेंगतोय. इंजिनचा आवाज बदलला की त्याला जाग येईल आणि तो विचारेल, “उस्ताद, गिअर का काढला?” उस्ताद त्याला काय सांगतो, तिथून लिहायला घ्या.