सेफ्टी पिनेवर फिरणारी मोटर

मिनी प्रोजेक्ट म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'कुठून घ्यायचा?' 'कसा करायचा?' हे सहसा कोणी विचारत नाही. आमच्या ग्रुपनेही तेच केलं. चौघांनी वर्गणी काढली, तयार किट आणलं, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग केलं. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी बोर्डवरच्या एका कपॅसिटरवर बोट ठेवलं, "हा काढला तर काय होईल?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो! मार्क मिळाले, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

त्या सुट्टीत अरविंद गुप्तांची मोटर हाती लागली. गुप्ता १९७५ साली आयआयटी कानपूरमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, ट्रक बनवायला लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांनी भूमितीची मॉडेल्स केली, आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान हेच त्यांचं आयुष्यभराचं काम झालं. २००३ ते २०१४ ते पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता मोटर. एक मोठा दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी, जुन्या स्पीकरचा लोहचुंबक आणि मीटर-दीड मीटर इनॅमल वायर. वायर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. काकांनी आम्हाला उरलेला तुकडा फुकट दिला आणि वर बजावलं, "इनॅमल नीट खरवडा रे!"

सेलभोवती दहा वेढे घेऊन कॉईल काढायची, दोन टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवायची. पट्टीने सेलच्या दोन्ही टोकांना एकेक पिन उभी बांधायची, सेलच्या पाठीवर चुंबक ठेवायचा आणि पिनांच्या भोकांत कॉईलची टोकं अडकवायची.

काकांचं ऐकून आम्ही दोन्ही टोकं चकाचक खरवडली. कॉईल थरथरली, चुंबकाला समांतर आडवी झाली आणि ढिम्म! का? तर अर्ध्या फेरीत चुंबक कॉईलला पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत तोच तिला मागे ओढतो. तेव्हा त्या उरलेल्या अर्ध्या फेरीत करंटच बंद करायचा. त्यासाठी एक टोक पूर्ण खरवडायचं; दुसरं मात्र कॉईल उभी धरून फक्त वरच्या अर्ध्या बाजूने. खालचं इनॅमल तसंच राहू द्यायचं. खरवडलेली बाजू पिनेला टेकते तेव्हा धक्का बसतो, इनॅमलची बाजू आली की करंट तुटतो आणि कॉईल आपल्याच वेगाने पुढे सरकते. सेकंड इयरला घोकलेला कॉम्युटेटर तो हाच, ब्लेडने अर्धं इनॅमल काढून केलेला!

नव्या तुकड्यावर हे केलं, बोटाने हलकी टिचकी दिली आणि कॉईल भन्नाट सुटली. रूममधले सगळे बघायला जमले. (मेसची वेळ टळली, हा भाग वेगळा.)

एक सांभाळा. कॉईलचा रेझिस्टन्स ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, म्हणजे मोटर अडकली तर जवळजवळ शॉर्टच. वायर तापते, सेल झटकन उतरतो. नाही फिरली तर लगेच काढून घ्या, मग कॉईलचा तोल आणि खरवडलेली बाजू तपासा.

चालू झाली की मात्र एकेक गोष्ट बदलून बघा. चुंबक उलटा केला तर? वेढे पाच केले तर? सेल उलटा बांधून चुंबकही उलटा केला तर? आम्ही तिन्ही करून बघितलं, उत्तरं इथे देत नाही. उरलेली वायर माझ्याकडे आहे, हवी त्याने मागावी. चुंबक मात्र स्वतःचा आणायचा.